तिऱ्हाईत

प्लिमथला, गोदीमागच्या गल्लीत
आमचं वर्कशॉप: अकरा माणसं, एक किटली
आणि काळ्या रबराची वर्तुळं,
पाणसुरुंग शोधणाऱ्या बोटींच्या पोटात बसणारी.
वर्तुळाचं काम एवढंच
की समुद्र बाहेर राहिला पाहिजे.

कागदपत्रं मी करते.
वडील मिरजेच्या जकात नाक्यावर होते,
पावतीपुस्तक आमच्या रक्तातच.

पूर्वी डेन हेल्डरला पेटी जायची
शेजारी विरजण द्यावं तशी,
वाटीवर झाकणसुद्धा नसायचं.
आता सतरा पानं.
पान चार, रकाना नऊ: पाठवणारा कोण?
उत्तर छापूनच आलेलं:
तिसरा देश.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं.
पहिला कोण, दुसरा कोण, कुणी सांगेना.
मग आठवलं, आपल्याकडे शब्द आहे की.
काकांशी फाटल्यावर आई म्हणायची,
आता ते तिऱ्हाईत.
आणि त्यांच्या गोठ्याला आग लागली त्या रात्री
बादली घेऊन सगळ्यांत आधी तीच पळाली.
बोलली नाही.
पाणी ओतलं, रिकामी बादली घेऊन परत आली,
आणि सकाळी पुन्हा तिऱ्हाईत.

यंदा नवा नियम:
तिकडच्या पैशातून तिकडे बोट बांधायची
तर बाहेरच्यांचा माल पस्तीस टक्क्यांच्या आत.
पस्तीस! म्हटलं, जॅगो,
हा आकडा मला पाठ आहे,
आमच्याकडे एवढ्यावर पोरं पास होतात,
पेढे वाटतात.
जॅगो ट्रेगेन्झा, मालक,
ज्यानं मतदानाच्या वर्षी काचेवर 'बाहेर' चिकटवलं होतं
(डिंकाचा चौकोन अजून निघत नाही, मी ब्लेडनं खरवडून पाहिलाय),
म्हणाला, आणि छत्तीस झाले तर?
नापास, म्हटलं. इथे उलटं आहे.
तो काचेकडे बघत राहिला.

फेब्रुवारीत समुद्रतळाची एक केबल तुटली.
कुणाचं जहाज, कुणाचा नांगर,
बातम्या म्हणाल्या, तपास चालू आहे.
रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला.
वीट्स्के, डेन हेल्डरची.
सात वर्षं नुसते ई-मेल, 'सस्नेह' सुद्धा गळालेलं,
आणि आता आवाज, सर्दी झालेला:
आमची बोट निघायचीय, सील फाटलंय,
चारशे दहा मिलिमीटर, आहे का?
आहे. पण बोट कुठाय?
तुमच्याच धक्क्याला. सरावाला आली होती.

म्हणजे माझ्या खिडकीपासून
चालत बारा मिनिटं.

कागद? मी विचारलं.
दोघी गप्प.
लाइनवर समुद्र नव्हता,
कुणाचा तरी फ्रिज घुरघुरत होता,
तिचा की माझा, कळलं नाही.

जॅगो पायजम्यावर कोट चढवून आला,
किल्ली दोनदा पडली त्याच्या हातून.
जुन्या वर्तमानपत्रात वर्तुळ गुंडाळलं,
पाऊस होता, शाई रबराला लागली.
फाटकावर डच नौदलाचा पोरगा,
दाढी नीट न उगवलेली,
त्यानं ते खांद्यात अडकवलं
आणि जॅगोला सलाम ठोकला.
जॅगोला सलाम घेता येत नाही.
त्यानं हात वर केला, मध्येच थांबवला,
मग कान खाजवला.

सकाळी मी पान चार उघडलं.
रकाना नऊ: तिसरा देश. सुवाच्य अक्षरात.
खाली, पाठवण्याचं कारण:
विक्री, दुरुस्ती, भेट, नमुना.
यांतलं एकच.
बराच वेळ पेन दाताखाली.
जॅगो कप विसळता विसळता म्हणाला,
नमुना टाक, त्यावर शुल्क नाही.

दुपारी वीट्स्केचा ई-मेल.
बोट कुठवर पोचली, काही नाही.
पान अकरावर सही राहिली आहे,
कृपया पुन्हा पाठवावे.
सस्नेह.