गुण

विद्यापीठाची तीन नंबरची खिडकी
अकराला उघडते असं लिहिलंय. साडेअकरा झाले.
कूलरचं पाणी टेबलाखाली साचलंय,
त्यात कुणाची तरी एकच चप्पल.
मी दुकानाचं शटर अर्धं पाडून आलेय.
प्रतापनगरच्या ब्लडप्रेशरला आज
जरा धीर धरावा लागेल.

गुणपत्रिका लॅमिनेट केलेल्या.
बाबांनी केल्या होत्या, मेडिकल चौकात,
पानाला दहा रुपये देऊन, जन्मभर टिकतील म्हणून.
"हे चालत नाही न मॅडम," निमजे बाबू म्हणाले,
"प्लास्टिकवर शिक्का बसते का?"
मग बाकावर बसून ब्लेडने कड सोलली.
दुसऱ्या वर्षाचा फार्माकॉलॉजीचा आकडा
प्लास्टिकला चिकटून निघून गेला.
चौऱ्याहत्तर होते बहुतेक.

घरी विनीतने एक्सेल मांडलंय.
मुख्य अर्जदार कोण, तो की मी?
तो असला तर इतके, मी असले तर इतके.
बुटीबोरीत सोळा वर्षं, लेथपासून सीएनसीपर्यंत,
हाताखाली नऊ माणसं,
आणि शिक्षणाच्या रकान्यात नुसता डिप्लोमा.
रात्री त्याने स्वतःचं नाव दुसऱ्या ओळीत नेलं
आणि उगाच पाणी प्यायला उठला.

माझं बी.फार्म. आहे.
आणि मग ते एम.ए.

ते एम.ए. मराठी. बहिःस्थ, लग्नानंतर,
खोकल्याच्या दोन गिऱ्हाइकांमध्ये
जमेल तेवढी एक ओवी.
जाऊबाई म्हणायच्या, काय कामाचं बाई हे,
त्यानं का क्रोसिन जास्त खपणार आहे?
मीही म्हणायचे, काही कामाचं नाही. म्हणून तर.
त्याचे चौदा मिळतात.
विनीतने तीनदा तपासलं. चौदाच.
मराठीला सोडून जायला
मराठीनेच चौदा दिले.
(भाषेच्या परीक्षेत मराठी नाही, ते वेगळं.)
आम्ही खूप हसलो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

गुण हा शब्द मी काउंटरवर रोज ऐकते:
"ताई, मागच्या गोळीनं गुण नाही आला."
लग्न ठरताना आमचे साडेसव्वीस जुळले
आणि ते पुरले, कसेबसे.
आता पाचशेच्या वर लागतात
आणि दर वाढदिवसाला पाच गळतात.
माझा नऊ मेला. यंदा केक नको म्हटलं मी.
एवढं करून तिकडे औषधं द्यायला
पुन्हा परीक्षा आहेच.
शिक्षण मान्य, हात मान्य नाहीत.

निमजे बाबूंनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. चौसष्ट.
मी बारा वर्षं चौऱ्याहत्तर समजत होते.

कागद लिफाफ्यात, जोडावर सही,
सहीवर शिक्का, शिक्क्यावर सेलोटेप.
"आता तुम्ही उघडायचं नाही. उघडलं का बाद."
माझं शिक्षण माझ्याच मांडीवर
आणि आत पाहायची मला मनाई.
"माह्या पोराचाबी लिफाफा मीच बंद केल्ता," ते म्हणाले,
आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

जीपीओत काट्यावर एकशे बारा ग्रॅम.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आत काय?
कागद.
किंमत काय टाकू?
मागे एक माणूस किल्ल्या वाजवत उभा.
मी हिशेब मांडायला लागले,
पानाचे दहा, चौदा, वजा पाच,
चौऱ्याहत्तरातले ते दहा कुठे धरायचे,
तेवढ्यात तिनेच शंभर टाकले
आणि पावती फाडली.