हे खेळणं नाही

टॉडमॉर्डनच्या मंडईत दर शनिवारी,
चीजवाला आणि मेणबत्त्यावाली ग्लेनिस यांच्या मधोमध
माझं चार फुटी टेबल.
टेबलावर ठकी. एकूण चौदा.
पंधरावी माझ्या मांडीवर, अजून डोळ्यांवाचून.

ग्लेनिस म्हणाली, नाव बदल बाई.
इथल्या जिभेवर ठ ठरत नाही,
घसरून टॅकी होते तुझी ठकी,
आणि टॅकी म्हणजे भडक, स्वस्तातलं.
म्हटलं, स्वस्त कुठाय?
अडतीस पौंड लिहिलेत की चिठ्ठीवर.

अडतीस कसे झाले ते ऐका.
कापड: चॅरिटीच्या दुकानातले शर्ट,
एका शर्टात तीन परकर.
आत लोकर, वरच्या टेकडीवरच्या मेंढ्यांची,
पोतंभर फुकट, पण धुता धुता हात सोलतात.
केसांना काळी लोकर, दोन गुंडे.
तास: अकरा.
इथल्या कायद्याने अकरा तासांची मजुरी
शंभराच्या वर जाते.
म्हणून तास मी धरत नाही.
धरले तर ठकी खपत नाही,
न धरले तर मी खपते.

अण्णा इचलकरंजीत मागावर होते.
गावाला म्हणायचे महाराष्ट्राचं मँचेस्टर.
आता खरं मँचेस्टर माझ्यापासून अर्ध्या तासावर,
आणि तिथे एक माग वाजत नाही.
फोनवर सांगितलं तर क्षणभर गप्प.
मग म्हणाले, अगं, मग कापड कुठनं घेतेस?
शर्टाच्या कॉलरीत बघितलं:
बांगलादेश, बांगलादेश, एक तुर्कस्तान.

पहिल्या वर्षी प्रत्येकीच्या पाठीला मी एक पट्टी शिवत होते,
हे खेळणं नाही, शोभेची वस्तू आहे.
सगळेच तसं लिहितात, तपासणीचा खर्च वाचतो.
रात्री शिवताना वाटायचं,
आपणच हिला जन्म द्यायचा
आणि आपणच पाठीवर लिहायचं, ही आमची नव्हे.

मग कौन्सिलचा माणूस आला, मिस्टर ॲक्रॉइड,
सभ्य, चष्मा पुसत बोलणारा.
म्हणाला, लिहून भागत नाही हो.
पोराने हात पसरला की ते खेळणंच.
एवढं शहाणं वाक्य
मला या देशात कुणी ऐकवलं नव्हतं.

तर मग बटणांचे डोळे काढले, दोऱ्याने भरले.
शिवणी ओढून पाहिल्या, वजन टांगून.
आणि एक ठकी जाळून पाहायची होती, घड्याळ लावून.
वाकड्या तोंडाचीला उचललं.
सिंकपर्यंत नेलं.
परत ठेवलं, दुसरी घेतली, चांगल्या तोंडाची,
का ते मला विचारू नका.
लोकर भडकत नाही, आपोआप विझते.
घरभर केसांचा वास. वहीत लिहिलं: पास.
त्या रात्री चौदा पाठींवरच्या चौदा पट्ट्या उसवल्या.
सुईची भोकं राहिली, बारीक, रांगेत.

गेल्या शनिवारी कुठलीशी मॅच होती, मंडई ओस.
तीन वाजेपर्यंत भवानी नाही.
ग्लेनिसने स्वतःचीच एक मेणबत्ती लावली, वासाने गिऱ्हाईक येतं म्हणे.
आली ती एक पोरगी, गमबूट, नाक वाहतंय,
गल्ल्याच्या डब्यामागे बसवलेली वाकड्या तोंडाची
तिने बरोबर हुडकली
आणि तिचा हात सरळ तोंडात.
आई ओशाळली, लाल झाली.
ती विकायची नाही, असं म्हणणार होते मी,
पण ओल्या हाताच्या ठकीला
काय म्हणून परत मागायचं?
पंचवीस, म्हटलं.
तिने तीस दिले, सुटे राहू द्या म्हणाली.

वीस आणि दहा, दोन्ही नोटा मी कपाळाला लावल्या.
ग्लेनिस वाकून बघायला लागली,
का गं, खोट्या आहेत का?

पोरगी दारापाशी पोचली होती,
हात अजून चघळत.