उलटा चिरा

किल्ली समोरच्या घरी, खिळ्याला.
पाटी एवढंच सांगते.
खिळा रिकामा. दार उघडून नोरा थर्लवेल बाहेर येते,
एप्रनला हात पुसत म्हणते,
आज मीच येते, कुलूप अनोळखी हातावर रुसतं.

किल्ली वीतभर.
आधी दार आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली फिरवायची,
मग खांदा लावायचा,
अडेल गाय गोठ्यात ढकलावी तसा.

आत थंडी उभी आहे.
बाहेर जून, आइस्क्रीमची गाडी घंटी वाजवत गल्ली फिरते आहे;
इथे सातव्या शतकातला कुठलासा फेब्रुवारी,
कुणी जा म्हटलं नाही म्हणून थांबलेला.

भिंती उंच, खोली अरुंद.
खिडक्या एवढ्याशा, की उजेड येतो
तोही अंग चोरून.
ज्यांनी हे बांधलं त्यांची घरं कुडाची होती, गवताने शाकारलेली.
देव नवा होता,
आणि दगडावर दगड ठेवणंही.

चिरे तेवढे जुने.
नदीपलीकडे रोमन शिपायांची छावणी ओस पडली होती,
तिथून गाड्यांत घालून आणलेले.
एकावर टाकीचे तिरके घाव,
एकाला वाटीएवढी खळी,
जिच्यात कुणाच्या तरी दाराची खुंटी फिरायची
आणि रात्री करकरायची.

नोरा बॅटरीचा झोत उत्तरेच्या भिंतीवर टाकते,
गुडघ्याच्या जरा वर.
अक्षरं.
सहाव्या पलटणीचं नाव,
डोकं खाली, पाय वर.

माहितीपुस्तिका म्हणते, मुद्दाम केलं असेल,
जुन्या राज्याचा माज उतरवायला.
छे, नोरा म्हणते. तिचा नवरा गवंडी होता.
त्याने फिरवून पाहिला असणार,
कुठली बाजू बसते, कुठली डुगडुगते.
बसली ती बसवली.
जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा दगड आहे हा.
मी ओळखते असले दगड.

नऊ वर्षांची असताना तिला वाटलं
कुणीतरी हे एकदा सरळ वाचायला हवं.
रविवार, प्रार्थना संपलेली, पाद्री बाहेर हात मिळवत उभा.
ती हातांवर उभी राहिली,
धाकट्या भावाने पाय धरले,
आणि फ्रॉक तोंडावर आला.
एवढंच वाचलं मी, ती म्हणते,
पांढऱ्यावर निळी फुलं.

तिचं हसू वरच्या तुळयांपर्यंत जाऊन परत येतं,
जरा म्हातारं होऊन.

ती खिडकीतली फुलं बदलायला वळते तेव्हा
मी भिंतीकडे पाठ करते, कमरेत वाकते
आणि पायांमधून बघते.
कानांत रक्त धडधडतं.
अक्षरं सरळ होतात.
बाकी सगळं कलंडतं:
छप्पर तळाशी, मेणबत्त्या खाली लोंबणाऱ्या,
आणि नोरा थर्लवेल फरशीला पाय चिकटवून
उलटी टांगलेली,
हातातल्या बरणीतलं पाणी
एक थेंबही न सांडता.

स्मशान गोल आहे, ताटासारखं.
कडेला तिच्या नवऱ्याचा दगड,
नावाखाली जागा कोरी.
तेरा अक्षरं लागतात माझ्या नावाला, ती म्हणते,
मोजून ठेवलीत. मावतात.
मग दगडाच्या डोक्यावर तळवा ठेवून
जरासं हलवून बघते.
डुगडुगत नाही.

तेवढ्यात घंटी पुन्हा वळणावर येते.
नोरा एप्रनच्या खिशात नाणी चाचपते,
किल्ली माझ्या हातात कोंबते,
खिळ्याला लाव हं,
आणि ऐंशी वर्षांचे गुडघे सांभाळत
गवतातून झपझप निघते,
एक हात वर करून, थांब म्हणत.

गाडी थांबते.
माझ्या मुठीत लोखंड
अजून आतल्याइतकंच गार.