बर्फगाडीची वही

कायानीत जानेवारीत नऊपर्यंत उजाडत नाही.
मी तीनला उठतो, बर्फगाडी काढतो,
शाळेपासून तळ्यापर्यंतचा रस्ता खरवडतो
आणि वहीत लिहितो : किती किलोमीटर, किती मीठ, किती खडी.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर
मंगळवारपासून दुसरा हिशेब आहे.
आर्नी. चार वर्षं, दोन महिने.
रात्री पाणी तीनदा. अंथरूण ओलं.
रात्री पाणी पाचदा. अंथरूण ओलं.
पाणी, मोजायचं राहिलं. मला झोप लागली होती.

बाहेर उणे बावीस.
थंडीनं झाडं तडकतात, ऐकू येतं.
आणि माझ्या मुलाच्या घशात
हा कुठला उन्हाळा?

हेनरीका म्हणाली, घरातली हवा कोरडी झालीय.
मी हो म्हटलं. रेडिएटरवर ओला टॉवेल टाकला.
सकाळी टॉवेल वाळला होता,
आर्नी नव्हता.

मग म्हणाली, धाकटी आल्यापासून तो बिथरलाय,
लक्ष वेधायला गादी ओली करतो.
मी त्यालाही हो म्हटलं.
हो म्हणायला काय लागतं,
पहाटे तीनला, हातात ओली चादर असताना.

त्याच्या बर्फातल्या विजारीचे पट्टे
मी दिवाळखोराच्या कमरेसारखे दोन घरं आवळले.
जेवतो मात्र माझ्याएवढं.
सासरे म्हणाले, उंची फुटतेय,
या वयात पोरं अशीच काटकुळी दिसतात.
त्यांना पाच मुलं झाली.
पाच जणांनी एकदाही असं पाणी मागितलं नव्हतं,
हे मी त्यांना विचारलं नाही.

रविवारी तळ्यावर गेलो, मासे धरायला.
मी बर्फाला भोक पाडत होतो,
तो हातमोज्यावरचं बर्फ चोखत होता,
मोजा संपला की दुसरा.
मग बर्चच्या मागे जाऊन आला.
रुस्का, आमची कुत्री, तिथे गेली
आणि पिवळं झालेलं बर्फ चाटत राहिली,
हाक मारली तरी हलेना.

तोंड गोड करतात ते बातमी चांगली असली की.
रुस्काचं तोंड गोड झालं,
आणि मी गळ पाण्यात तसाच सोडून
पोराला खांद्यावर घेतलं.

शेजारच्या तेल्लेर्वोबाई
तीस वर्षं शाळेत नर्स होत्या.
त्यांनी आर्नीच्या तोंडाजवळ नाक नेलं,
जुन्या सफरचंदासारखा वास घेतला,
आणि नेहमीसारखी कॉफी विचारली नाही.
"उद्या बघू म्हणू नकोस. आत्ता."

दुपारपासून पडत होतं. आमची गाडी निघेना.
म्हणून बर्फगाडी काढली,
त्याची खुर्ची शेजारच्या सीटवर आवळून बांधली.
त्याला केवढा आनंद!
पातं खाली टाकायची कळ त्यानेच दाबली.
अकरा किलोमीटर
मी स्वतःच्या पुढ्यातला रस्ता मोकळा करत गेलो,
मागे तो पुन्हा भरत होता.
वाटेत दोनदा पाणी. बाटली रिकामी.
"बाबा, आपण सगळ्यांसाठी रस्ता करतोय ना?"
हो, म्हटलं. हे हो खरं होतं.

दवाखान्यातल्या मुलीच्या नखांना
हिरवा रंग होता, एका बोटाचा उडालेला.
तिने आर्नीचं बोट ऊन पाण्यात धरलं,
एक टोच, लाल थेंब, पट्टी.
यंत्रावर पाच, चार, तीन.

या पाच सेकंदांत
मी ती कोरडी हवा परत मागितली,
धाकटीचा मत्सर मागितला,
सासऱ्यांची पाच पोरं मागितली.

आकडा आला.
मुलीने माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं,
आणि डॉक्टरला हाक मारली.

वही माझ्या खिशात होती.
पुढच्या पानावर लिहायचं : अकरा किलोमीटर.
मागच्या पानावर तो आकडा.
पेन्सिल मध्येच थांबली.

आर्नी म्हणाला, "पाणी."
मुलगी ग्लास भरून घेऊन आली.
म्हणाली, पिऊ दे.