मानशीचं दार

पवित्र शुक्रवारी कुडतरीत घंटा वाजत नाहीत.
सांक्रिस्तांव लाकडी मात्राक हलवतो,
लाकडावर लाकूड आपटतं, खट्, खट्,
आणि माझ्या पोटात भरती चढते.

शिडी दर साली मला देतात.
उजव्या हाताचा खिळा माझा.
तीन पायऱ्या उरल्या की सायबाचं तोंड दिसतं,
गालावरचा रंग उडालेला, आत फणसाचं पिवळं लाकूड.
खांद्याच्या सांध्यात कातडं आहे.
खिळा निघाला की हात आपोआप खाली येतो,
माझ्या मानेवर पडतो.
लोकांना वाटतं, पास्कू भक्तीनं रडतो.

सांगतो.
सप्टेंबरची अवस, खाजनात भात पोटरीला आलेलं.
मी मानशीच्या दाराला किंजळीची मेख मारली.
भरती आत घ्यायची, ओहोटीला जाळं लावायचं.
थोडी कोळंबी, दोन-चार काळुंदरं,
नशिबात असली तर एखादी चणक.
थोडीच, असं मी मेखेला सांगत होतो.

मेख फुगली. हलेना.
साठ घरांच्या वर्षभराच्या पेजेत
खारं पाणी शिरू लागलं
आणि मी बांधावरून पळालो, एक चप्पल टाकून.

आलेस झोपेतून उठून आला म्हणतात.
कंदील बांधावर नीट ठेवलेला सापडला, वात जळत.
तो बाहेरच्या अंगानं उतरला असणार;
आतून ती मेख निघत नाही, हे मला ठाऊक,
मीच ठोकलेली.
दार मिटलं. खट्.
मी ऐकलं, घरात, गोधडीखाली.

पहाटे तो दिसला.
मुठीत मेख, अंगाभोवती जाळं.
जाळ्यावर कुणाचं नाव नसतं.
गाव म्हणालं, चोर होता, देवानं दिलं.
कोमुनिदादीनं त्याच्या बायकोला दंड बसवला,
दोन पोती भात.
त्या साली माझ्या वाटणीत त्यातलं काही आलं असेल.
मी जेवलो.

पाद्रीला जाळीआड सगळं सांगितलं.
त्यांनी सुटका दिली आणि दहा नमान मारिये.
दहा!
म्हणाले, किंमत कधीच दिलेली आहे, पास्कू,
तू पुन्हा मोजायला बसू नकोस.
मला राग आला.
स्वतःचं कर्ज माणूस फेडू तरी शकतो,
दुसऱ्यानं फेडलेल्याचं काय करायचं?
पाया पडायला सावकारही उरत नाही.

अकरा वर्षं गेली. यंदाच्या करेज्मात
पिएदादीच्या दारात जाऊन उभा राहिलो.
ती पेज ढवळत होती. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली,
"मेख त्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीमागे.
तुझ्या कोयत्याच्या धारेला दात पडलाय ना?
त्याचीच खूण आहे तिच्यावर.
मला पहिल्याच दिवशी कळलं."

मग बोलली का नाहीस?

तिनं डवली आपटून पेज झटकली.
"त्यानं दार मिटलं. मी उघडू?"
दोन वाडगे मांडले.
लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली, मोठी.
मी खाल्लं. काय करणार, भूक लागली होती,
आणि आपल्याला भूक लागते याची इतकी लाज
मला कधी वाटली नव्हती,
ना इतकं हलकं.

आज पुन्हा शिडीवर आहे.
खिळा ओढला. ढिलाच होता, नेहमीसारखा.
हात मानेवर पडला,
मी तो लगेच उचलला नाही.
मला आत घेतलंय, हे आता कळतं.
पण आलेसचं नाव अजून बाहेरच्या अंगाला आहे,
पाण्यात.

खाली चादर धरून चौघं उभे,
पिएदाद तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर.
मात्राक थांबली आहे.
सगळे वाट बघतायत, मी उतरण्याची.

मी गावाकडे तोंड केलं.
ऐका, म्हटलं, ती मेख—