ठिकाण क्रमांक दोन

ताउनोची दुर्बीण पार्सलने आली.
खोक्यावर त्याच्या घरमालकिणीचं अक्षर.
आत नळी, तिपाई, हातात धरायचा कळफलक,
तीन लाकडी चकत्या, कशाच्या ते कळेना,
आणि एक केबल, जिचं टोक नऊ पिनांचं.
असलं भोक आता कुठल्या कॉम्प्युटरला असतं?

चाळीस वर्षं मी कागद गिरणीत मोटारी बांधल्या,
तरी कायानीच्या दुकानातला पोरगा
‘अ‍ॅडॅप्टर’ हा शब्द मला
घास भरवावा तसा भरवत होता.
एकोणीस युरो. घेतला.

अंगणात दुर्बीण, सौनाच्या खोलीत लॅपटॉप,
मधे खिडकीची फट,
फटीत कोंबलेला जुना लोकरी मोजा,
मोज्यातून केबल.
बाहेर उणे अठरा.
या थंडीत केबल काटकीसारखी ताठ होते,
म्हणून आधी तिला कोटाच्या आत, काखेत धरून
थोडा वेळ नुसती उभी राहिले.

पोर्ट तीन: उत्तर नाही.
पोर्ट चार: उत्तर नाही.
ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला.
पोर्ट पाच. वेग नऊ हजार सहाशे.
शेजारची इंका हसली: हा काय वेग झाला?
हे तर निरोप घेऊन पायी जाण्यासारखं.
म्हटलं, ताउनो बोलायचाही तसाच.

मग पडद्यावर उमटलं एक #
पलीकडे कुणी घसा खाकरावा तसं.

साठवलेली ठिकाणं, तीन ओळी.
एक: रोवानिएमी, म्हणजे त्याची भाड्याची खोली.
दोन: नाव नाही. सदुसष्ट अंश आणि पुढे नुसते आकडे.
तीन: रिकामी.

इंकाने आकडे नकाशात टाकले.
नकाशा निळा झाला.
जवळ नेला, तरी निळा.
लांब नेला तेव्हा कुठे काठ दिसला,
आणि काठाचा आकार पाहून
मी खुर्ची ओढली.

तिथे आमचं स्वयंपाकघर होतं.
मी अकराची, ताउनो सहाचा,
धरणवाल्यांनी घरं आधी जाळली, मग पाणी सोडलं.
जळणाऱ्या घराला आईने
बाहेरून कडी घातली होती. का, ते कधी विचारलं नाही.
त्याच पाण्याच्या विजेवर
पुढे माझ्या मोटारी फिरल्या.

आकडे काय, घरी बसूनही टाकता येतात, इंका म्हणाली.
खरं आहे.
पण तिपाईचे पाय बघत होते मी,
आणि त्या चकत्या.
बर्फात टोकं रुतू नयेत म्हणून
माणूस अशाच चकत्या खाली सरकवतो.

अभिजितकडे वळ, असं सांगितलं.
मोटार गुरगुरली, वळली, थांबली.
नळीत काळोख.
यंत्र अजून तिथेच उभं होतं ना,
गोठलेल्या तळ्यावर, आमच्या चुलीच्या बरोब्बर वर.
साडेतीन अंशांची चूक,
सात पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी.
म्हणजे आमच्या लहानपणीचा ध्रुव
इथल्यापेक्षा साडेतीन अंश उंच होता.
हे मला आज, या वयात, कळलं.

‘ठिकाण बदलायचं का?’ पडदा विचारतो.
दोन नंबरला हात लावला नाही.
तिसऱ्या ओळीत माझं अंगण लिहिलं,
घड्याळ लावलं, पुन्हा सांगितलं, वळ.
अभिजित आला. मधोमध नाही,
काठाला, थरथरत, निळसर.
इंकाने पाहिला. मग मी. मग पुन्हा इंकाने.

तळ्यावरचा बर्फ गाडी कधी पेलतो, तिने विचारलं.
जानेवारीच्या मध्यानंतर, मी म्हटलं,
आणि मोज्यातून केबल सोडवू लागले.
लॅपटॉपची बॅटरी उणे तिशीत किती टिकते
ते मात्र मला ठाऊक नाही.