वाळू जास्त की वळणं

डॅशबोर्डावर एक काळी चिकटपट्टी होती,
नखाएवढी.
ट्रक घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी
खोरिखासच्या पेट्रोल पंपावर मी ती सोलली,
तर खालून एक केशरी दिवा
डोळे मिचकावत बाहेर आला,
जणू मीच त्याला कोंडलं होतं.

विकणारा म्हणाला होता,
या गाडीने समुद्र पाहिलेला नाही.
विंडहुकच्या दातांच्या डॉक्टरची,
मुलांना शाळेत सोडायची, बस्स.
मी मान डोलावली.
स्वस्तात मिळालेल्या वस्तूला फार प्रश्न विचारू नयेत
असं माझ्या खिशाचं मत.

एल्फ्रीडे मावशी बाभळीच्या सावलीत काम करते.
तिचं गॅरेज म्हणजे एक जॅक, चार ठोकळे,
आणि बातम्यांपुरताच लागणारा रेडिओ.
तिने मागची दोन्ही चाकं उचलली,
म्हणाली, "डावं फिरव."
मी डावं फिरवलं.
उजवं उलटं फिरलं.
"आता बटण दाबून ये. फिरव."
डावं पुढे, उजवं मागे.
"हट्टी आहेत," मी म्हणालो.
"हट्टी कसली? मोकळी आहेत.
दोघांना बांधणारा तिथवर पोचलाच नाही."

मग रेडिओ बंद. शेळ्यांना हाकललं. मलाही गप्प केलं.
ती गाडीखाली शिरली, कान एक्सलला.
मी बटण दाबलं.
टिक.
पुढे काही नाही.
मोटर गुरगुरायला हवी होती,
झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखी,
पण नुसतं टिक, आणि बाभळीवरचे पक्षी.

"टिक म्हणजे निरोप निघाला," खालून आवाज आला,
"कुठे हरवतो ते बघू."
फ्यूज ठीक.
वायर उंदरांनी कुरतडलेली नाही, हे तिला आश्चर्यच वाटलं.
प्लग काढला, मीटरच्या सुया टेकवल्या:
बारा पॉइंट चार.
"दारापर्यंत येतोय की.
आतलं कुणी उठत नाही."

तीन बोल्ट. दोन सुटले,
तिसऱ्याने तासभर घेतला
आणि डमारा भाषेतल्या अशा शिव्या ऐकल्या
ज्या माझ्या आईलाही ठाऊक नसाव्यात.
झाकण निघालं.
आत मोटर नव्हतीच म्हणायची:
चुंबक भिंतीवरून निखळून पडलेलं,
तांब्यावर हिरवा थर,
आणि सगळीकडे पांढरं पीठ, पिठीसाखरेसारखं.
तिने करंगळी बुडवली, जिभेला लावली,
थुंकली.

"वॉल्विस बे."
बोलीवरून माणसाचं गाव ओळखावं तशी म्हणाली.
तिकडचं धुकंसुद्धा खारं असतं,
रात्रभर गाड्यांवर बसतं
आणि कुणाला न विचारता आत जातं.
दातांच्या डॉक्टरबद्दल ती काही बोलली नाही.
मीही नाही.

नव्या मोटरीची किंमत तिने धुळीत बोटाने लिहिली.
मी पायाने पुसली.

"एक करता येईल," ती पाना पुसत म्हणाली,
"दांडा हाताने फिरवून लॉक बसवते.
पण मग तो बसलेलाच राहील. बटणाशी काही देणंघेणं नाही.
वाळूत बैलासारखा ओढेल.
पक्क्या रस्त्यावर वळलास की
टायर किंचाळतील, एक्सल तुला शाप देईल."
थांबली.
"तुझ्या वाटेत वाळू जास्त की वळणं?"

मी डोळे मिटून घरापर्यंत गेलो.
ह्वाबचं कोरडं पात्र तीनदा ओलांडायचं,
मागे पंपासाठी डिझेलचे दोन ड्रम,
पंपापाशी तहानलेली गुरं.
वळणं: दवाखान्याजवळ एक, चर्चजवळ एक,
आणि एक आनामारीच्या घराकडे,
जे मी तसंही आता घेत नाही.

"बसव," म्हणालो.

खाली कुठेतरी खट् झालं.
"फिरव."
मी डावं फिरवलं.
उजवं निमूट बरोबर आलं.

आत दिवा अजून मिचकावत होता.
घरी पोचेपर्यंत मिचकावणार, मावशी म्हणाली,
त्याला कुणी कळवलेलं नाही.
चिकटपट्टी डॅशबोर्डाच्या कडेला तशीच लटकत होती,
गोंद अजून ओला.
मी ती फेकली नाही.